अज्ञात फळ आणि आईचं एकाशन



मागच्या उन्हाळ्यात माझ्या आईचं वजन ४६ किलोवरून ४१ वर आलं. आई अकोल्याला दादा-वहिनींजवळ असते, मी अमरावतीला. बाबांना जाऊन ९ वर्षं झाली, तेव्हापासून तिचं रोज एकाशन असतं. सकाळी मंदिरात अभिषेक पाहायचा, जाप करायचा आणि अकराच्या सुमारास एकदाच पाटावर बसायचं. मग सूर्य मावळेपर्यंत फक्त गाळलेलं पाणी. दूध आणि तूप तिने बाबा गेले त्याच वर्षी आजन्म सोडलं. अष्टमी-चतुर्दशीला हिरवं नाही. दात खालचे चारच उरलेत. कवळी करून दिली होती, पण ती बहुतेक डबीतच असते.

आता अकोल्याचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. पारा ४५ च्या पुढे, कूलरमधूनही झळाच येतात, आणि अशात पोटात दिवसाला दीड भाकर. डॉक्टरांनी सांगितलं, आजी एकदाच जेवतात ना, मग त्या एका जेवणात ताकद आली पाहिजे. काहीतरी स्निग्ध वाढवा. त्यांच्या तोंडून तूप हा शब्द निघायच्या आत आईने मान हलवली होती.

मी अमरावतीला परत आले आणि आपण सगळ्याच करतो तेच केलं, मोबाइल उघडला. जिथे पाहावं तिथे अ‍ॅव्होकॅडो. मऊ असतं, चावावं लागत नाही, शंभर ग्रॅममध्ये साधारण १६० कॅलरी आणि १५ ग्रॅम स्निग्धांश. आपल्या काकडी-दोडक्यात शंभर ग्रॅमला वीसच्या आतबाहेरच कॅलरी असतात, उरलेलं सगळं पाणी. मला वाटलं, सापडलं! दुसऱ्या दिवशी फळांच्या दुकानातून तीन आणले. एकाला एकशे ऐंशी रुपये. (यांना मी एकशे वीस सांगितले.) एक घरीच चाखून पाहिलं, म्हटलं आधी आपल्याला तर कळू दे. साली आणि गर लागलेली बी रोजच्यासारखी दारातल्या गाईपुढे टाकली. या गाईची गोष्ट पुढे येणार आहे.

शनिवारी सकाळी इतवारा बाजारातून भाजी घेतली. ढेमसे, दोडके, काकड्या, गंगाफळाची एक मोठी फोड, कैऱ्या, सांबाराची जुडी. अकोल्याला का भाजी मिळत नाही? जनता भाजी बाजार भरलेला असतो. पण माहेरी जाताना रिकाम्या हाताने जाववत नाही, काय करता. वरती पेपरात गुंडाळलेली ती दोन फळं ठेवली आणि बडनेऱ्याहून गाडी पकडली.

आईला पिशवी रिकामी करायला फार आवडतं. तिचं माहेर दर्यापूरकडचं, खारपाण पट्ट्यातलं. पूर्णेच्या दोन्ही काठांची ती जमीन, विहिरीचं पाणी खारट. त्या पाण्यात डाळ शिजायची नाही आणि उन्हाळ्यात त्यावर भाजीही धड व्हायची नाही. लहानपणी चैत्र-वैशाखात तिच्या ताटात हिरवं असायचं ते बाजाराच्या दिवशी बाहेरून आलेलं. एरवी वरण, कढी, वाळवलेल्या गवारीच्या शेंगा. म्हणून की काय, ताजी भाजी ती नुसती निवडत नाही, तिची विचारपूस करते. दोडक्याच्या शिरेवरून बोट फिरवते. ढेमसं कानाशी धरून हलवते, आत बी जून झालं का ते बघायला. काकडीचं टोक कापून चाखल्याशिवाय आख्खी चिरत नाही. भेंडी उभी चिरून उजेडात धरायची, चवळीची शेंग उकलून मगच मोडायची, फुलकोबी नकोच. तुमच्याकडेही असंच असणार.

तर तिने सगळं बाहेर काढलं, आणि शेवटी पेपर उलगडला.

“हे कायचं फय वो बाई?”

मी म्हटलं, अ‍ॅव्होकॅडो. तिला ते उच्चारता येईना. मग मी दुकानदाराने सांगितलेलं नाव सांगितलं, “अगं, याला मख्खनफळ पण म्हणतात. लोणीफळ.”

झालं. लोणी आपल्याकडे अभक्ष्य, आणि बाईने तर तूपही सोडलेलं! तिने ते फळ असं खाली ठेवलं की जणू तापलेली कढईच हातात आली होती.

“लोणी नाहीये ते आई, नुसतं नाव आहे. आत मऊ असतं म्हणून.”

“मी वयखत नाई त्याले. वयखत नाई ते फय मी खात नाई.”

विषय संपला. दादाने किंमत विचारली आणि ऐकून उठूनच गेला. वहिनी गप्प राहून दोडके सोलत होती. मला राग आला, तिच्या गप्प राहण्याचासुद्धा. आता सांगायला लाज वाटते, पण रोज आईचं सगळं वहिनी करते आणि मी शनिवारी पिशवी घेऊन येते, शहाणपण शिकवते आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाते.

मी वाद घातला. म्हटलं, आई, तू मिरची खातेस ना? टमाटे? पपई, पेरू, सीताफळ, फल्लीदाणे? हे तू आणायला लावलेलं गंगाफळ? ही सगळी मुळात अमेरिका खंडातली. पोर्तुगीज लोक आले तेव्हापासून, म्हणजे १६ व्या शतकापासून पुढे, एकेक करून आपल्याकडे आली. त्याआधी आपल्या स्वयंपाकात तिखट म्हणजे मिरे. महावीर भगवंतांच्या काळात ना मिरची होती ना टमाटे. ही सगळी अज्ञात फळंच होती की! आणि हे अ‍ॅव्होकॅडोही तिकडचंच, मेक्सिकोकडचं. मिरची चालते, मग तिच्याच गावच्याने काय पाप केलं?

मला वाटलं आता ती निरुत्तर होईल. ती सांबार निवडत होती. एक पिवळं पान काढून बाजूला ठेवलं आणि म्हणाली, “मिरची माह्या आजीनं वयखली होती. तिच्या आजीनं वयखली असंन. हे कोनं वयखलं? तू वयखते काय?”

मी हो म्हणाले. तिने विचारलं, याचं झाड असते का वेल? तोडलं त चीक निघते काय? बी एक का अनेक? कीड कुठून शिरते? झाडावर पिकते का आढीत? सालपटं ढोराले चालतात काय?

सहातला एकच प्रश्न मला सुटला. बी एक असते.

गाडीत बसल्यावर मूर्तिजापूरपर्यंत मी मनात भांडतच होते. पुढे मात्र ते प्रश्न डोक्यात फिरायला लागले. एकेक प्रश्न घेऊन पाहा. चीक विचारते, कारण वड, पिंपळ, उंबर ही पंच उदुंबरातली फळं चिकाची, ती आपण खात नाही. बी विचारते, कारण बहुबीज टाळायचं. कीड विचारते, त्याचं कारण सांगायला नको. म्हणजे बाई हट्ट करत नव्हती. मुलगी पाहायला गेल्यावर घरच्यांनी कूळ-गाव विचारावं, तशी विचारत होती. आणि मीच मध्यस्थ असून मला मुलीचं गाव ठाऊक नव्हतं.

आठवडाभर दुपारी भांडी झाल्यावर वाचत बसले. झाड आहे, वेल नाही, चांगलं उंच वाढतं. आणि कूळ कोणतं म्हणाल? दालचिनी आणि तमालपत्राचं! आपल्या मसाल्याच्या डब्यातल्या तेजपानाचं हे नातलग. एक अजब गोष्ट कळली की हे फळ झाडावर मऊ होतच नाही. कितीही दिवस ठेवा, कडकच. तोडल्यानंतर मग चार-आठ दिवसांत पिकतं. पेपरात केळ्याजवळ ठेवलं तर लवकर. देठाजवळ दाबून पाहायचं, किंचित दबलं की झालं. भारतातही होतं, कुर्गला, केरळात, तमिळनाडूच्या डोंगरांत, सिक्कीमला. पावसाळ्याच्या सुमाराला येतं ते दक्षिणेकडचं, मोठं, हिरवं आणि बरंच पाणीदार. दुकानात काळपट खरबरीत सालीचं छोटं मिळतं ते हास जातीचं, बहुतेक बाहेरच्या देशातून आलेलं, त्यात स्निग्धांश जास्त.

मंदिराच्या कपाटातून पंडित आशाधरांचं सागारधर्मामृत काढलं. आशाधर १३ व्या शतकातले, माळव्यातले. न ओळखलेलं कोणतंही फळ खाऊ नये आणि शेंगा उकलून पाहिल्याशिवाय खाऊ नयेत, या अर्थाचं त्यांनी एकाच ठिकाणी सांगितलं आहे. मी आजवर या दोन गोष्टी वेगळ्या समजत होते. भेंडी उभी चिरून पाहणारी आई आणि अ‍ॅव्होकॅडो खाली ठेवणारी आई एकच काम करत होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

शेजारच्या श्वेतांबर भाभींनी वंकचूलची कथा सांगितली. तुमच्यापैकी अनेकींना ती ठाऊक असेल. हा वंकचूल दरोडेखोर. मुनींनी त्याला चार सोपे नियम दिले, त्यातला एक म्हणजे नाव ठाऊक नसलेलं फळ खायचं नाही. पुढे जंगलात टोळी उपाशी, समोर सुंदर फळं लगडलेली. सगळ्यांनी खाल्ली. याने नाव विचारलं, कोणाला सांगता येईना, म्हणून याने सोडली. ती किंपाकाची विषारी फळं होती, टोळी गेली आणि हा वाचला. लहानपणी मला ही कथा फार सोयीची वाटायची. नियम घेतला आणि लगेच जीव वाचला, असं थोडंच होतं!

मग त्या गुरुवारी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसले. सालपटं ढोराले चालतात काय.

चालत नाहीत.

अ‍ॅव्होकॅडोच्या पानांत, सालीत आणि बीत पर्सिन नावाचं द्रव्य असतं. माणसाला पिकलेल्या गराचा काही त्रास नाही, पण गाई, शेळ्या, घोडे यांना ते बाधतं. गाई-शेळ्यांच्या कासेला सूज येते, दूध आटतं, जास्त पोटात गेलं तर हृदयावर परिणाम होतो. पक्ष्यांना तर गरसुद्धा चालत नाही, लहान पक्षी दगावतात.

मैत्रिणींनो, मी तो मजकूर तीनदा वाचला. माझ्या हातून गेलेल्या त्या साली डोळ्यासमोर आल्या. आमच्या गल्लीत येणारी ती तांबडी गाय, कपाळावर पांढरा ठिपका. पहिली पोळी तिची, भाजीची देठं-सालं तिची. वर्षानुवर्षं. आणि विचार केला तर ती दोन दिवस दिसलीच नव्हती. आधी लक्षातही आलं नव्हतं. पोळी कोपऱ्यावरच्या दुसऱ्या गाईला घातली होती आणि झालं.

शुक्रवारी सकाळी सहापासून मी दारात उभी. णमोकार म्हणत होते, पण लक्ष रस्त्याच्या टोकाला. आली नाही. यांनी समजूत काढली, एका फळाची साल ती केवढी, एवढ्याने काही होत नाही. बरोबरच होतं त्यांचं. पण आपण पाणी गाळून पितो, मुंगी वाटेत आली तर पाय उचलतो, रात्री दिवा लावताना पाखरू पडू नये म्हणून जपतो. आणि मी गाईला हाताने काय घातलं हे मला माहीत नव्हतं. आरोग्याचं फळ म्हणून सगळं जग सांगत होतं, मी विचारलंच नाही की कोणाच्या आरोग्याचं.

शनिवारी सकाळी ती आली. सावकाश, नेहमीसारखी शिंग हलवत. शेजारणीने सांगितलं, मालकाने गोठ्यातच बांधली होती, वासरू झालं. मी पोळी घातली आणि तिच्या मानेवर हात ठेवून तशीच उभी राहिले. तिला बिचारीला काय कळणार, तिने पोळी खाल्ली आणि गूळ नाही का म्हणून हात चाटला.

अक्षय तृतीयेला अकोल्याला गेले. आदिनाथ भगवंतांच्या पारण्याचा दिवस, मंदिरात उसाचा रस. दरवर्षी ती कथा ऐकतो आपण. भगवंत वर्षाहून अधिक काळ निराहार फिरले, कारण त्यांना काय द्यावं, कसं द्यावं हेच कोणाला ठाऊक नव्हतं. लोक रत्नं आणत होते, हत्ती-घोडे आणत होते. हस्तिनापूरच्या श्रेयांस राजाला पूर्वभवाचं स्मरण झालं तेव्हा कुठे उसाचा रस ओंजळीत पडला. त्या दिवशी ती कथा ऐकताना मला आपली एकशे ऐंशी रुपयांची पिशवी आठवत होती.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. आधी गाईचं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “एक उपास कर आन् परत असं करजो नको.” एवढंच. मग पाट सरकवून बसली आणि म्हणाली, “आता बाकीचं सांग.”

मी सांगत गेले. झाडाचं, तेजपानाच्या कुळाचं, एका बीचं, तोडल्यावर पिकण्याचं. तेजपानावर ती खूश झाली. वहिनीला हाक मारून डब्यातलं तेजपान मागवलं आणि हुंगून पाहिलं, जणू त्यात काही सापडणार होतं. अज्ञातपणाची अडचण तिच्यापुरती तिथे मिटली. पण दुसरी अडचण बाकी होती, आणि ती माझ्या वाचनाच्या पलीकडची होती.

“म्या तूप सोडलं. आता तुपासारखं फय शोधून खाल्लं, त तूप सोडलं काहून मंग?”

यावर मी काय बोलणार? रसत्याग केलेल्या किती तरी बायका मी पाहिल्यात. गूळ-साखर सोडतात आणि खजुराचे लाडू करतात. मीठ सोडतात आणि त्या दिवशी आंबट दुप्पट. मी स्वतः त्यातली आहे, कशाला खोटं बोला.

वैशाख सरता सरता विहार करत एक आर्यिका माताजी अकोल्यात थांबल्या होत्या. आई आहार झाल्यावर दर्शनाला गेली आणि तिने विचारलं. मी सोबत होते. माताजी म्हणाल्या, तुमचं व्रत तुपाचं आहे, हे फळ आहे. शरीर टिकलं तर सामायिक होईल, मंदिरात याल. खा. पण खाताना तुपाची आठवण काढू नका. आणि आठवण आलीच, तर त्या दिवशी सोडा.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता वहिनीने एक चमचा गर वाटीत दिला. आईने डोळे मिटून खाल्ला. आम्ही दोघी तिच्या तोंडाकडे पाहत बसलो. तिने डोळे उघडले.

“तुपासारखं काईच नाई. बिनमिठाच्या गंगाफयासारखं लागते.”

म्हणजे व्रताला धोका नव्हता, पण चवीचा प्रश्न होता! मग तिनेच सांगितलं कसं करायचं ते. आता मी सांगते तो आईचा घोळणा आहे, माझा नाही.

अर्धी काकडी चाखून, सोलून, किसून घ्यायची, दात नसल्यामुळे चिरायची नाही. दोन चमचे कैरीचा कीस. सांबार निवडून, धुऊन, अगदी बारीक. हिरवी मिरची उभी चिरून, पाहून, मग ठेचून, तीही नावाला. भाजलेल्या जिऱ्याची पूड, मीठ. अर्ध्या अ‍ॅव्होकॅडोचा गर वेगळ्या वाटीत लिंबाच्या रसात काट्याने कुस्करायचा, नाही तर काळा पडतो. शेवटी सगळं एकत्र. ज्वारीची भाकर गरम असताना बारीक कुस्करायची आणि त्यात हे कालवायचं. कैरीचा आंबटपणा आणि काकडीचा गारवा आला की तो मातकट लोणकटपणा जातो. बाहेरच्या देशांत याला कांदा-लसूण घालतात, आपल्याला त्याची काही उणीव भासत नाही.

वरून फोडणी घालायची नाही. मी पहिल्यांदा हौसेने मोहरी-हिंगाची कडकडीत फोडणी घालून गॅसवर परतलं, तर असं कडू झालं की कारलं बरं. हे फळ तापलं की कडवट होतं. ढेमशात घालायचं तर ढेमसं वाफवून, घोटून, खाली उतरवून, कोमट झाल्यावर मग गर मिसळायचा. हेही आईला चालतं, मुलांना मुळीच नाही. गंगाफळाच्या भरतात घालतो तेव्हा त्यात ताजं दही असतं, आणि मग द्विदल होऊ नये म्हणून त्या पाटावर बेसनाचं काही ठेवत नाही. दाण्याच्या कुटाबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत, त्यात मी पडत नाही.

उरलेलं अर्धं ठेवायचं नाही. कापलेलं फळ फ्रिजमध्ये ठेवून उद्या खाणं आपल्यात नाहीच, आणि या फळाचंही तसंच आहे, चार तासांत तोंड काळं करतं. म्हणून दुसरं अर्धं वहिनीचा धाकटा खातो, मीठ-लिंबू लावून. साल आणि बी आता कुंडीत खोल पुरतो, वर माती. मंदिराच्या गच्चीवर पाखरांसाठी दाणे टाकता ना, तिथे चुकूनही नेऊ नका. ज्यांच्याकडे पोपट आहे त्यांनी तर लक्षातच ठेवा.

अष्टमी-चतुर्दशीला हेही हिरव्यातच धरतो, त्या दिवशी नाही. आणि ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये, यात पोटॅशियम बरंच असतं.

आता एक गोष्ट राहिली, ती वहिनीची. आषाढात वजन केलं तर साडेत्रेचाळीस. मी इकडे मनातल्या मनात अ‍ॅव्होकॅडोचे आभार मानत होते. तर कळलं की डॉक्टरांनी सांगितल्याच्या दुसऱ्या दिवसापासून वहिनी आईच्या वरणात ओल्या खोबऱ्याचं दूध आणि भाकरीच्या पिठात वाटलेले तीळ घालत होती. गाजावाजा न करता, आईला सांगून, विचारून. जवसाची चटणी मऊ वाटून ताकात कालवून देत होती. आणि मी आठवड्यातून एक फळ नेऊन जगाला सांगत होते! तेव्हा तुमच्या गावात हे फळ मिळत नसेल किंवा परवडत नसेल, तर जीव जाळू नका. खोबरं, तीळ, जवस घरात आहेच.

आषाढ शुद्ध चतुर्दशीला चातुर्मासाचे नियम घ्यायला आम्ही सगळ्या मंदिरात गेलो. मी हिरव्या पालेभाज्या सोडल्या, वहिनीने बाहेरचं खाणं. आईने हात जोडले आणि चार महिन्यांसाठी अ‍ॅव्होकॅडो सोडलं.

मी बाहेर आल्यावर पायरीवरच थांबले. म्हटलं, आई, अगं काय हे! एवढं शोधलं, एवढं विचारलं, आता कुठे तुला सोसायला लागलं होतं!

“सोसलं नाई वो,” ती चपला शोधत म्हणाली, “आवडाले लागलं. शनवारची वाट पायत होती मी.”

मी चिडून रिक्षात बसले. घरी येईपर्यंत कोणी बोललं नाही. मी हातपाय धुऊन स्वयंपाकघरात गेले तेव्हा वहिनी ओट्याशी पाठमोरी उभी होती, खांदे हलत होते. हसत होती. नारळ फोडून झाला होता आणि तिने किसणी घेतली होती.